शिडाच्या होडीला पाणी कोणते?

खानदेशातील एखादे धरण भरले की दोन गोष्टी हमखास घडतात. सांडव्यावरून कोसळणारे पाणी पाहण्यासाठी माणसांची रीघ लागते. आणि या जलाशयात आता नौकाविहार सुरू झाला पाहिजे, अशी मागणी वर्तमानपत्रांतून होते. मागणीत गैर काही नाही. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाला विस्तीर्ण पाण्याची ओढ असावी, हे स्वाभाविकच आहे. मात्र अशा मागण्यांचा पुढचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. आधी होड्यांची खरेदी, मग धक्का, मग उपाहारगृह. आणि मार्च उजाडला की धक्क्यापासून पाणी फर्लांगभर दूर गेलेले! जे सर्वांत आधी ठरवायचे, ते पाणी कोणते, हा प्रश्न सर्वांत शेवटी आठवतो.

शिडाच्या छोट्या होडीच्या बाबतीत तर या विसराळूपणाची किंमत अधिकच मोजावी लागते. वल्ह्याच्या होडीला पाणी असले की पुरते. शिडाच्या होडीला पाणी आणि वारा ही दोन्ही लागतात, आणि तीही एकाच वेळी.

येथे ज्या होडीचा विचार करावयाचा आहे, ती म्हणजे दोन अरुंद होड्या आडव्या दांड्यांनी जोडून केलेली कॅटमरान. शब्द इंग्रजी वाटला तरी तो मूळचा तमिळ आहे. 'कट्टुमरम' म्हणजे बांधलेली लाकडे. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या तराफ्याचे हे नाव जगभर फिरले, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील होबी आल्टर यांनी वाळूवरून सहज ढकलता येईल अशी हलकी जोडहोडी बनविल्यावर हा खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. त्यांच्या प्रसिद्ध नमुन्याची लांबी साडेसोळा फूट, रुंदी आठ फूट आणि वजन दीडशे किलोच्या आत आहे. चार विद्यार्थी ती सहज सरकवतात. तिला धक्का लागत नाही, इंधन लागत नाही, खाली खोल कणा नसल्यामुळे कमरेएवढ्या पाण्यातही ती चालते. पाणी पुढे-मागे सरकणाऱ्या आपल्या जलाशयांना ही होडी मानवणारी आहे, असे कोणालाही वाटेल. पण तिच्या दोन खोडी आहेत. ती एकदम वळत नाही, म्हणून तिला ऐसपैस पाणी हवे. आणि उलटली तर तिची सव्वीस फुटांची डोलकाठी उथळ पाण्याच्या गाळात रुतून बसते.

आता वाऱ्याकडे वळू. तापीचे खोरे म्हणजे उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधली पश्चिमेला तोंड असलेली एक लांबट पन्हळ आहे. मे ते ऑगस्ट या काळात तीतून पश्चिमेचा वारा जोमाने वाहतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या उगीच नव्हेत. ऑक्टोबर उजाडला की हा वारा पडतो. मुंबईची गोष्ट निराळी. तेथे हिवाळ्यातही दुपारी समुद्रावरून वारा येतो, म्हणून तेथील शर्यती पावसाळा टाळून होतात. तो खारा वारा सह्याद्री ओलांडून पाचोऱ्यापर्यंत काही येत नाही.

आणि धरणांचे वेळापत्रक नेमके उलटे! ती भरतात सप्टेंबरच्या सुमारास. १५ ऑक्टोबरचा साठा धरून कालव्यांच्या आवर्तनांचा हिशेब मांडला जातो, आणि मेपर्यंत तळ दिसू लागतो. म्हणजे पाणी काठोकाठ असते तेव्हा शीड लोंबकळते, आणि शीड फुगते तेव्हा खाली गाळपेराची शेते असतात. होडी चार महिने राबली आणि आठ महिने ऊन खात पडली, तर भांडवलाचा दर फेरीमागचा बोजा तिप्पट होतो, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

मग समुद्रापासून दूर हा खेळ होतच नाही काय? होतो, आणि उत्तम होतो. हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडांच्या मोठ्या शर्यती भरतात त्या प्रामुख्याने जुलै-ऑगस्टमध्ये. पावसाळी वारा तेथेही तेव्हाच असतो. फरक एवढाच की सोळाव्या शतकातील त्या तलावाचे पाणी आज शेतीसाठी उपसले जात नाही, त्यामुळे वाऱ्याच्या दिवसांत ते जागेवर असते. खानदेशाने घ्यावयाचा धडा हाच आहे. जलाशय किती मोठा आहे हे पाहू नये. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यात काय उरते, ते पाहावे.

या कसोटीवर आपले जलाशय घासून पाहिले की बरेच चकाकणारे नाणे खोटे निघते. गिरणा धरण विस्ताराने सर्वांत मोहक. पण ते मुळात सिंचनाचे धरण. त्याचे पाणी चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याच्या शेतीचे आणि नदीकाठच्या गावांच्या घशाचे. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर ते २०१९ मध्ये पूर्ण भरले, २०२३ मध्ये पुन्हा भरले नाही. अशा पाण्याच्या भरवशावर कायमची सोय उभारणे म्हणजे लॉटरीच्या तिकिटावर घर बांधणे होय. पाचोरा तालुक्यातील बहुळेचे पाणी घराजवळचे, म्हणून प्रिय. पण तेही शेतीचेच. जळगावचा मेहरूण तलाव शहरात आहे, पण लहान आहे; झाडे आणि इमारती यांच्या आडोशाने तेथे वारा तुटक आणि गोल फिरणारा मिळतो. नवशिक्याला याहून त्रासदायक काही नाही.

हतनूरची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. तापी पश्चिमवाहिनी असल्याने भिंत पश्चिमेस आणि पाणी पूर्वेस चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापर्यंत पसरलेले. त्यामुळे पश्चिमेचा वारा होडीला भिंतीपासून दूर लोटतो, ही मोठी सोय. परंतु ज्या महिन्यांत हा वारा असतो, त्याच महिन्यांत पुरामुळे धरणाचे ४१ दरवाजे वरचेवर उघडावे लागतात, आणि तेव्हा त्या पाण्यात शिकाऊ मुलांना उतरविणे हा वेडेपणा ठरेल. हिवाळ्यात दरवाजे बंद असतात. पण तेव्हा वरच्या उथळ भागावर दूरदेशीच्या पक्ष्यांचा हक्क आहे. तो हक्क मानलाच पाहिजे.

राहता राहिले वाघूर. जळगाव शहर या धरणाचे पाणी पिते, म्हणून त्यातील एक वाटा उन्हाळ्यातही राखून ठेवावा लागतो. नेमके हेच राखलेले पाणी वाऱ्याच्या दिवसांत हाती असते. नदी अजिंठ्याच्या डोंगरातून उत्तरेकडे येते; पश्चिमेचा वारा जलाशयावर आडवा पडतो, आणि आडव्या वाऱ्यावर होडी जाते तशीच परत येते. पाचोऱ्याहून जळगाव रेल्वेने ४८ किलोमीटर; पुढे बसने जाता येईल. पिण्याच्या पाण्यात होड्या कशाला, हा आक्षेप मात्र रास्त आहे. शीड पाण्यात तेलाचा थेंब टाकत नाही. घाण करते ती काठावरची गर्दी. म्हणून येथे उपाहारगृह नको, जत्रा नको; पाच-सहा होड्या, वल्ह्यांची किंवा बॅटरीची बचाव-होडी, आणि ठरलेल्या वेळा. एवढ्यावर भागत नसेल, तर वाघूरही सोडून द्यावे.

जागा नक्की करताना काठ पायी फिरून पाहण्यास पर्याय नाही. आपल्या जलाशयांच्या काठांवर शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी असतात आणि त्यांच्या विजेच्या तारा कधी खांबांवरून, कधी झाडांवरून ओढलेल्या असतात. धातूची डोलकाठी आणि वरून गेलेली तार यांची गाठ म्हणजे मृत्यू. अमेरिकेत असे अपघात झाल्यानंतर होबीच्या डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या द्रव्याचा करण्यात आला. दुसरी गोष्ट मासेमारीच्या जाळ्यांची. जलाशयातील मासेमारीचा ठेका अनेक ठिकाणी भोई बांधवांच्या सहकारी संस्थांकडे असतो. त्यांना न विचारता होड्या आणल्या तर जाळी फाटतील आणि भांडणे होतील. त्यांनाच बचावाचे काम पगारावर दिले, तर पाण्याचा तळ ओळखणारी माणसे लाभतील.

तिसरा धोका वळवाचा. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अकस्मात आलेल्या वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांचा बळी गेला. मे-जूनमध्ये दुपारनंतर आकाश काळवंडू लागले की होडी काठावर आणि शीड खाली, हा नियम शिक्षकाच्या मर्जीवर सोपवून चालणार नाही. लाइफ जॅकेट तर काठावरच अंगात हवे.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या पाण्यावर फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्यानंतरही महाराष्ट्रात हा खेळ प्रामुख्याने मुंबईचे क्लब आणि सैन्यदले यांच्याच अंगणात राहिला. खडकवासल्याच्या पाण्यावर शिडे दिसतात तीही मुख्यतः प्रबोधिनीच्या छात्रांची. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पाचोऱ्याच्या कारकुनाच्या मुलीला त्या वाटेने जावयाचे असेल, तर तिच्या वाट्याला मैदानी खेळच येतात, कारण पाण्याचे खेळ शिकविणारी जागाच जिल्ह्यात नाही. धरणे मात्र सार्वजनिक पैशातून बांधलेली आहेत. त्या पैशात तिच्या वडिलांचाही वाटा आहे.

तेव्हा होड्यांसाठी निधी मागण्यापूर्वी महाविद्यालयांनी एक वर्षाची नोंदवही मागावी. पाणीपातळीचा रोजचा आकडा पाटबंधारे खात्याकडे असतो. वाऱ्यासाठी यंत्रही लागत नाही; ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदलातील अधिकाऱ्याच्या नावाचे कोष्टक पुरे आहे. झाडाची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, तर तो वारा शिकाऊंना योग्य. पाने असलेली लहान झाडेच डोलू लागली, तर त्या दिवशी सुट्टी. गाठी मारलेल्या दोरीने खोली मोजता येते. भूगोलाचे दोन शिक्षक आणि दहा विद्यार्थी आळीपाळीने रोज दुपारी चार वाजता काठावर जातील, तर येत्या १५ ऑक्टोबरपासून पुढच्या ऑगस्टअखेरपर्यंतची नोंद तयार होईल, आणि तीत पाणी व वारा एकत्र आलेले दिवस साठाच्या आत भरले, तर होड्यांचा प्रस्ताव तेथेच थांबवावा.