पक्की नोंद आणि रंगीत तालीम

फेरफार लिहिला गेला म्हणजे तो पक्का झाला असे नव्हे, हे मंठा तालुक्यातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. नोटिशीची मुदत संपावी लागते, हरकत आल्यास ती ऐकावी लागते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी लागते. शासकीय दाखले ज्या 'ब्लॉकचेन'वर नोंदविले जाऊ लागले आहेत, तेथे मात्र हा साधा विवेक विसरला जाण्याची भीती वाटते.

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे 2022 मध्ये 65 हजार जात-प्रमाणपत्रे 'पॉलिगॉन' या साखळीच्या आधारे देण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. बनावट दाखल्यांना आळा घालण्याचा हेतू स्तुत्यच आहे. परंतु 'एकदा लिहिले की पुसले जात नाही' हे या तंत्राचे वर्णन अर्धसत्य आहे. ही नोंदवही अनेक संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते. क्वचित दोन गट परस्परांच्या नकळत निरनिराळी पाने लिहितात. मेळ बसताच एक शाखा ग्राह्य ठरते, दुसरी रद्द होते आणि तिच्यातील नोंदींना पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. हीच साखळीची पुनर्रचना. फेब्रुवारी 2023 मध्ये पॉलिगॉनवर 157 ब्लॉकांची, म्हणजे सुमारे पाच मिनिटांच्या इतिहासाची, अशी पुनर्रचना झाली. हा दोष कमी करणारी सुधारणा आदल्याच महिन्यात झाली होती, हे विशेष! पुढे नोंद लवकर अंतिम ठरविण्याची व्यवस्था तेथे झाली. तथापि दाखला देणारा कार्यक्रम त्या अंतिमतेची वाट पाहतो काय, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर तालमीतच मिळेल. पॉलिगॉनची एप्रिल 2024 मध्ये बंद झालेली चाचणी साखळी 'मुंबई' या नावानेच ओळखली जाई. परंतु सार्वजनिक चाचणी साखळीवर असा प्रसंग हुकमी घडविता येत नाही. त्यासाठी मोजक्या संगणकांची स्वतंत्र साखळी उभारावी, मधला दुवा तोडावा, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या नोंदी लिहू द्याव्यात आणि दुवा पुन्हा जोडावा. रद्द शाखेतील दाखला त्यानंतरही पडद्यावर 'वैध'च दिसत राहिला, तर तो कार्यक्रम अनुत्तीर्ण समजावा.

दाखल्यांच्या अशा प्रत्येक योजनेत शासनाने ही तालीम सक्तीची करावी आणि नोंद केव्हा पक्की मानावयाची, तो नियम जाहीर करावा. प्रवेशाच्या अखेरच्या दिवशी खिडकीपाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला 'नोंद सापडत नाही' असे सांगण्याची पाळी कारकुनावर येऊ नये. यंत्राची परीक्षा आधी व्हावी, विद्यार्थ्याची नंतर.