कोड उरला, तार गेली

काटोलचा एसटीडी कोड 07112. रामटेकचा 07114. नागपूरचा नुसताच 0712. चाळिशी ओलांडलेल्या वैदर्भीय माणसाला झोपेतून उठवून विचारले तरी यातला आपापला आकडा सांगता येईल. त्या आकड्यांमागे एक हिशेब होता. दूरसंचार खात्याने देशाची वाटणी अडीच हजारांहून अधिक लहान क्षेत्रांत केली होती आणि ही क्षेत्रे बहुतेक ठिकाणी तालुक्याला धरून होती. स्थानिक कॉल कुठे संपतो, एसटीडीचे मीटर कुठून पळू लागते, सरकारी अनुदान कोणत्या भागाला मिळते, हे सारे त्या क्षेत्रावरून ठरे. तालुका हे टेलिफोनच्या जमाखर्चाचे माप होते. कोड आजही आहेत. मापाने मोजणे मात्र बंद झाले, आणि ते कधी बंद झाले याची कुणी दवंडीही पिटली नाही.

जुन्या लँडलाइनचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहणे, पहिल्याच पावसात फोन डेड होणे आणि मग लाइनमनची मनधरणी करणे हे विदर्भाने पुरेपूर भोगले आहे. 1994 च्या दूरसंचार धोरणाने 1997 पर्यंत मागेल त्याला फोन आणि गावोगावी सार्वजनिक फोन देण्याचे वचन दिले होते. 1997 उलटले, वचन तसेच राहिले. पण त्या गैरसोयीच्या काळातही दराच्या पाठीमागे एक विचार उभा होता. एक्सचेंज जेवढे लहान, तेवढे मासिक भाडे कमी. कारण लहान एक्सचेंजच्या ग्राहकाला स्थानिक दरात बोलायला माणसेही कमीच सापडत. 1997 साली दूरसंचार नियामक ‘ट्राय’ आली आणि 1999 मध्ये तिने दराचा पहिला मोठा आदेश काढला, तेव्हाही ग्रामीण ग्राहकाची सवलत कायम राहिली. खेड्यातल्या तारेचा खर्च भाड्यातून कधीच निघत नसे. तो निघे नागपूरच्या इतवारीतला व्यापारी दिल्ली-कलकत्त्याला जे एसटीडी लावी त्यातून. शहराने थोडे जास्त द्यायचे आणि नरखेडच्या खांबावरची तार टिकवायची, असा तो न लिहिलेला करार होता.

स्पर्धा आली आणि हा करार लिहून काढावा लागला. 2003 पासून खासगी कंपन्यांकडून ‘ॲक्सेस डेफिसिट चार्ज’ वसूल करून तो भारत संचार निगमला मिळू लागला. कंपन्यांनी त्यावर आदळआपट केली, आणि ती सगळीच खोटी नव्हती. एसटीडी त्यामुळे महाग राहिले आणि त्या पैशातून खेड्यातली सेवा नेमकी किती सुधारली, हे विचारण्याचा ग्राहकांनाही हक्क होता. 2008 मध्ये हा आकार संपला. त्याच्या जोडीला 2002 पासून सार्वत्रिक सेवा निधी उभा राहिला होता. कंपन्यांनी समायोजित महसुलाच्या 5 टक्के त्यात भरायचे आणि सरकारने ते तोट्याच्या भागात लावायचे. 2005 मध्ये या निधीतून देशातली 1685 क्षेत्रे निवडून, तिथल्या घरगुती ग्रामीण जोडण्यांना अनुदान देण्यात आले. तालुक्यागणिक तोटा मोजता येतो आणि तालुक्यागणिक पैसाही पोहोचवता येतो, हे या देशाने एकदा करून दाखवले आहे. आज कुणी ‘ते व्यवहार्य नाही’ म्हणाले, तर त्याला हा आकडा दाखवावा.

आता सध्याची गोष्ट. दूरसंचारचे दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना देऊन दोन दशके झाली. या मोकळिकीला जे मोजके अपवाद ठेवले गेले, त्यात ग्रामीण लँडलाइन आहे. म्हणजे खेड्यातल्या घरगुती तारेच्या फोनवर दराचे छत्र आजही आहे. पण त्या छत्राखाली उभे कोण? 2024 च्या मार्चअखेर देशात तारेच्या जोडण्या साडेतीन कोटींच्या आत होत्या आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक शहरांत होत्या. 31 जानेवारी 2020 या एकाच दिवशी भारत संचार निगममधून सुमारे 78 हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. ज्यांना कोणत्या बांधावरून केबल गेली आहे हे तोंडपाठ होते, असे कितीतरी लोक त्यांच्यासोबत गेले. उरलेली तांब्याची तार कुठे रस्ता रुंदीकरणात तुटली, कुठे चोरीला गेली, कुठे नुसतीच विस्मरणात गेली. राखणदार रिकाम्या वाड्यावर पहारा देतो आहे. वाड्यातली माणसे केव्हाच बाहेर पडली आणि जिथे गेली, तिथे त्यांना राखणदार नाही.

ती मोबाइलकडे गेली. 2018 च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी फोन चालू ठेवण्यासाठी किमान रिचार्जची अट घातली, तेव्हा ती रक्कम 35 रुपये होती. 2024 च्या जुलैत एअरटेलचा 28 दिवसांचा मूळ प्लॅन 199 रुपयांवर गेला. त्याच आठवड्यात जिओ आणि व्होडाफोन आयडियानेही दर चढवले. आता प्लॅनमध्ये अमर्याद कॉल आणि डेटा मिळतो, हे खरे. जगात स्वस्त डेटा भारतात मिळतो हेही खरे आणि कंपन्या ते सांगताना थकत नाहीत. पण ज्या म्हातारीला पुण्यातल्या लेकाचा फोन यावा एवढेच हवे आहे, तिला डेटा किती स्वस्त आहे याचे काय? तिच्या लेखी 35 चे 199 झाले.

त्यात 28 दिवसांची मेख आहे. वर्षात महिने बारा, रिचार्ज तेरा. 199 रुपयांच्या हिशेबाने वर्षाला 2587 रुपये होतात. 2022 मध्ये ट्रायने निदान एक प्लॅन 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला नवा होणारा ठेवायला लावला. 2024 च्या डिसेंबरात केवळ कॉल आणि एसएमएसचे वेगळे व्हाउचर सक्तीचे केले आणि त्याची मुदत 365 दिवसांपर्यंत वाढवू दिली. त्यानंतर एअरटेलने 84 दिवसांचे 469 रुपयांचे आणि वर्षाचे 1849 रुपयांचे, तर जिओने 84 दिवसांचे 448 रुपयांचे व्हाउचर आणले. पाऊल योग्यच होते. फक्त ते कुणाच्या अंगणात पडले ते पाहा. वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्याला दिवसाला पाच रुपये पडतात. 28 दिवसांच्या रिचार्जवर जगणाऱ्याला सात. काटोल-नरखेडच्या संत्रा उत्पादकाच्या हातात पैसा येतो तो आंबिया बहार तुटल्यावर किंवा मृग विकल्यावर. कापूसवाल्याचे गणित त्याहून वेगळे. शेतमजुराचे तर आठवड्याच्या बाजारापलीकडे जातच नाही. दर 28 दिवसांनी ठरावीक रक्कम काढणे हे पगारदाराचे वेळापत्रक आहे. पैसे साठले की वर्षाचा रिचार्ज मारणे हेही सुस्थितीतल्या माणसालाच जमते. जो सगळ्यात कमी बोलतो आणि सगळ्यात कमी कमावतो, तोच दिवसाला सगळ्यात जास्त मोजतो.

शहरात काय घडले? नागपूरच्या धरमपेठेत, मनीषनगरात एकेका इमारतीत दोन-तीन कंपन्यांचे फायबर आले. ब्रॉडबँड घ्या, घरचा फोन त्यासोबत फुकट. बरेचदा जोडणीचाही खर्च नाही. ज्या घरात माणशी एक मोबाइल आहे, तिथे हा फुकटचा फोन धूळ खात पडतो. खेड्यातल्या कित्येक घरांत मात्र एकच मोबाइल असतो आणि तो सकाळी कर्त्या पुरुषाच्या खिशातून शेतावर जातो. मागे उरलेली सून, शाळकरी मूल, अंथरुणाला खिळलेले वडील यांच्यासाठी दिवसभर घरात फोन नसतो. लँडलाइन घराची होती, मोबाइल माणसाचा आहे. दराची चर्चा करताना हा फरक कुणी लक्षात घेत नाही. 2016 मध्ये नागपूर जिल्ह्याला देशातला पहिला डिजिटल जिल्हा म्हणून मिरवले गेले. मेळघाटातल्या हरिसालला त्याच सुमारास डिजिटल गावाचा मान मिळाला, आणि 2019 च्या निवडणुकीत त्याच हरिसालचे वाभाडे जाहीर सभेच्या पडद्यावर निघाले. केंद्राच्या भारतनेट योजनेची तार ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत नेली की काम संपले असे मानले गेले. कार्यालयाच्या कुलपातून ती घरापर्यंत कोण नेणार आणि कोणत्या दराने, हा प्रश्न डिजिटल जिल्ह्याच्या फलकावर मावला नाही.

याहून गंभीर बाब आहे ती समान दराची. मोबाइलचे परवाने मंडळनिहाय आहेत. मुंबई वगळून सारा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक मंडळ. म्हणून पणजी, धरमपेठ आणि भामरागड यांचा रिचार्ज एकच. ऐकायला हे समतेसारखे वाटते. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते आणि फोन मुका होतो. तेव्हाही वैधतेचे दिवस सुरूच असतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये ट्रायने सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. सेवा 24 तासांहून अधिक बंद राहिली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ द्यावी, असे त्यात आहे. स्वागत करायला निघावे, तर पुढचे शब्द आडवे येतात: जिल्हा पातळीवर. अख्ख्या जिल्ह्याची सेवा बंद पडली तर भरपाई. गडचिरोली शहरात रेंज असताना भामरागड आठवडाभर अंधारात राहिले, तर ते या मापात मोजलेच जात नाही. जिल्हा गडचिरोलीएवढा लांबलचक असला तरी माप तेच. दंडाचा धाक शहराभोवती फिरतो आणि अंधार नेमका तालुक्यात पडतो.

दाद मागायची तर कुठे? ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. 2009 मधल्या निकालाने टेलिफोनचा ग्राहक मंचाचा रस्ता बंद झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो 2022 च्या फेब्रुवारीत मोकळा केला. पण दोनशे रुपयांच्या रिचार्जसाठी एटापल्लीहून जिल्हा आयोगाची पायरी कोण चढणार? असे नुकसान दर एकाचे फार थोडे असते आणि सगळ्यांचे मिळून फार मोठे. त्याची वसुली एकेकट्याच्या तक्रारीने होत नसते, नियमानेच होते.

पैसा नाही, ही सबब तर नकोच. 199 रुपयांच्या रिचार्जमध्ये 30 रुपये जीएसटी असतो आणि आठेक रुपये निधीच्या वाट्याचे. रेंजसाठी टेकडी चढणारा मेळघाटातला कोरकू तरुणही ते आठ रुपये भरतो. निधीची शिल्लक वर्षानुवर्षे हजारो कोटींची राहिली. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव बदलून ‘डिजिटल भारत निधी’ केले. कायद्यातला उद्देश स्वच्छ आहे: सेवेपासून वंचित भागांना सेवा मिळावी. या निधीतून टॉवर उभे राहतात, नक्षलग्रस्त भागात राहिलेही. पण टॉवर उभारणे म्हणजे घराला परवडेल असा फोन देणे नव्हे. ग्रामीण लँडलाइनवर असलेले दराचे छत्र तारेवरून उचलून घरावर धरा, एवढीच आमची मागणी आहे. ग्रामीण कुटुंबामागे एक मूलभूत जोडणी, तार असो, फायबर असो की सिम, आणि तिच्या दराला कमाल मर्यादा. त्यातून कंपनीला येणारा तोटा निधीने तालुक्यागणिक भरावा. भरपाईचे माप जिल्ह्यावरून तालुक्यावर आणावे. यात नवे काहीच नाही. 2005 मध्ये हेच केले होते, तेव्हा मोजायला संगणकही इतके नव्हते.

दूरसंचार हा केंद्राचा विषय, असे म्हणून आमचे लोकप्रतिनिधी अंग काढून घेतात. कायदा केंद्राचा असेल, पण मौदा, कुही, धारणी, कोरची यांचे खासदार तर इथलेच आहेत. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात भरते, तेव्हा सगळे सरकार आठवडा-दोन आठवडे 0712 च्या हद्दीत असते. त्यांनी दिल्लीकडे निदान एक तक्ता मागावा: कोणत्या तालुक्यात कोणता टॉवर वर्षात किती तास बंद होता आणि त्या तासांचे किती रिचार्ज लोकांनी भरले. प्रत्येक टॉवर केव्हा बंद पडला आणि केव्हा सुरू झाला याची मिनिटागणिक नोंद कंपन्यांकडे असते. ती आजवर कुणी तालुक्याच्या नावाने मागितल्याचे ऐकिवात नाही.