हरणारा गुरू

जपानी युद्धकलांचा विषय निघाला की आपल्या कॉलेजात दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक मत सिनेमा पाहून बनलेले असते : एका फटक्यात दहा जण आडवे. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, ते वयाबरोबर आपोआप जाते. दुसरे मत अधिक शहाणे आणि म्हणून अधिक घातक आहे. ते म्हणते, 'काता' हा निव्वळ नाच आहे. समोर कोणी नसताना हवेत हातपाय मारून कोणी लढायला शिकत नाही. हे मत मांडणाऱ्यांत आमचे वर्गबंधू आहेत तसे एक-दोन प्राध्यापकही आहेत. जिमखान्याच्या वर्गातून काता काढून टाकावा आणि तीन महिन्यांचे 'व्यवहारोपयोगी' शिक्षण देऊन प्रमाणपत्र द्यावे, अशी सूचनाही यंदा पुढे आली आहे. या सूचनेला माझा विरोध आहे.

काता म्हणजे ठरलेला क्रम. कोणते पाऊल आधी, हात कुठून कुठे जायचा, नजर कोठे, हे सारे मागच्या पिढ्यांनी ठरवून ठेवलेले असते. शिकणाऱ्याने त्यात पदरचे काही घालायचे नाही. आपल्याकडे मुलांनी पाहिलेला काता कराटेचा असतो आणि तो बहुधा एकट्याने करायचा असतो, म्हणून तो नाचासारखा दिसतो हे मी मान्य करते. परंतु जपानच्या तलवारीच्या विद्येत काता जोडीने करतात, आणि त्या जोडीत काय चालते हे समजून घेतल्याशिवाय एकट्याच्या काताचाही अर्थ लागत नाही.

केंडोचे उदाहरण घेऊ. निरनिराळ्या घराण्यांच्या जाणकारांनी एकत्र बसून १९१२ साली केंडोचे दहा काता निश्चित केले. सात दोन्हीकडे मोठी तलवार असलेले, तीन एका बाजूला धाकटी तलवार असलेले. सराव लाकडी तलवारीने होतो. पहिल्या कातात दोघेही तलवार डोक्यावर उगारून तीन मोठी पावले पुढे येतात. एक जण संधी पाहून समोरच्याच्या डोक्यावर वरून थेट वार करतो. दुसरा नेमका हवा तेवढाच मागे सरतो. वार हवेत जातो, वार करणारा क्षणभर पुढे झुकलेला राहतो, आणि तेवढ्यात दुसऱ्याची तलवार त्याच्या डोक्यावर येऊन थांबते. पहिला मेला. मग दोघे जागेवर येतात आणि लहान पाच पावले मागे जातात. बस्स, एवढेच.

आता सांगा, या दोघांत गुरू कोणता? मी ज्यांना ज्यांना हा प्रश्न विचारला त्या सर्वांनी एकच उत्तर दिले : जिंकणारा. उत्तर उलटे आहे. जो आधी वार करतो आणि मरतो, तो गुरू. जपानी भाषेत त्याला 'उचिदाची' म्हणतात, म्हणजे वार करणारी तलवार. आणि शिष्य तो 'शिदाची'. प्रत्येक कातात शेवटी जिंकतो तो शिदाचीच. जुन्या तलवारीच्या घराण्यांतही हीच रीत आहे : ज्येष्ठाने हरायचे, कनिष्ठाने जिंकायचे.

हे हरणे नाटकातले नाही, त्यातच सारी मेख आहे. काताची सूत्रे गुरूच्या हाती असतात. अंतर तो ठरवतो, वेळ तो ठरवतो, वार तो करतो. शिष्याने त्याच्या आधी हलायचे नाही. आणि तो वार खरा असावा लागतो. गुरूने हातचे राखून, शिष्याच्या डोक्यापासून वीतभर लांब वार केला, तर शिष्य जागचा न हलताही वाचेल आणि आपण शिकलो असे समजेल. फार जोराने केला, तर शिष्य दचकून उडी मारून मागे जाईल, मग त्याला परत पुढे येऊन वार करता येणार नाही. म्हणून आज शिष्याला जेवढे पेलते त्याहून किंचित अधिक, एवढाच वार करायचा. उद्या त्याहून किंचित अधिक. हे माप पुस्तकात लिहिलेले नाही. ते गुरूच्या मनगटात असते आणि प्रत्येक शिष्यागणिक निराळे असते. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर वर्षानुवर्षे गुरूच्या खात्याला सारे नावे पडते आणि शिष्याच्या खात्याला जमा होते. आम्हा कॉमर्सवाल्यांना असे खाते दिसले की आम्ही ते बुडीत म्हणून काढून टाकू.

काता म्हणजे घोकंपट्टी, या आरोपाला माझे उत्तर येथे आहे. घोकंपट्टी मी जाणते. मराठी शाळेत पाढे म्हणत वाढलेली मुलगी आहे मी. 'बे एके बे' म्हणताना समोर भिंत असली तरी चालते. जोडीच्या कातात समोर माणूस असतो आणि तो दरवेळी तसाच नसतो. क्रम तोच, पण आजचा वार कालच्या वारासारखा येत नाही.

सरावाला जपानीत 'केइको' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ, जुन्याचा विचार करणे. तलवारीचा केइको, सुमोचा केइको, चहाच्या विधीचा आणि गाण्याबजावण्याचाही केइकोच. आपल्या बेळगावात हे कळायला अवघड जाऊ नये. कुस्तीची तालीम, नाटकाची तालीम, गाण्याची तालीम, सगळ्यांना आपण एकच शब्द वापरतो. या अंकाच्या कन्नड विभागातल्या मैत्रिणी कुस्तीच्या जागेला 'गरडी' म्हणतील, पण सरावाला त्यांचाही शब्द 'तालीमु' हाच आहे.

आता एकट्याचा काता. गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) हे ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर. १९२२ साली टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक करून त्यांनी ही कला जपानच्या मुख्य भूमीवर परिचित केली. तरुणपणी ते रात्री आझातो नावाच्या गुरूंकडे जात. अंगणात दिव्याच्या उजेडात तोच एक काता आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने करायचा. गुरू बसून पाहणार, समाधान झाल्याशिवाय पुढचा शिकवणार नाहीत आणि झाले तरी एखाद्या शब्दापलीकडे शाबासकी देणार नाहीत. नाइहांची नावाचे तीन काता आहेत, पुढे फुनाकोशींनी त्यांना 'तेक्की' हे नाव दिले. ते तीन शिकायला आपल्याला दहा वर्षे लागली असे त्यांनी लिहिले आहे. त्यातला पहिला करायला एक मिनिटही लागत नाही. त्यात माणूस फक्त डावी-उजवीकडे सरकतो, पुढे नाही की मागे नाही! मोबाईलवर पाहून त्याचा क्रम एका रविवारी पाठ होईल. मग बाकीची वर्षे कशात गेली? माझ्या मते ती आझातोंच्या डोळ्यांपुढे गेली. समोर तलवार घेऊन उभा राहणारा नव्हता, त्याची जागा त्या नजरेने घेतली होती. ती नजर काढून घ्या, मग उरतो तो खरोखरच नाच असेल.

जुने ते सोने म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. खुद्द ओकिनावात फुनाकोशींचे दुसरे गुरू आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कराटे शाळेत नेले, मुलांसाठी 'पिनान' हे पाच सोपे काता रचले, आणि १९०८ साली कराटेच्या बाजूने दहा मुद्द्यांचे पत्र सरकारी अधिकाऱ्यांना पाठवले. रांगेत उभे राहून आकड्यांवर हातपाय हलवण्याची कवायत शाळेच्या वर्गात फोफावली. त्यामुळे हजारो मुलांना कला मिळाली आणि अंगण मात्र गेले. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जुडोचे कोदोकान काढले ते एका देवळात, बारा चटयांच्या जागेत. तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. (आपण या वयात सबमिशनची तारीख वाढवून मागतो.) दर्जाची 'दान' पद्धत त्यांचीच. काता आणि मोकळी झुंज, दोन्ही त्यांनी ठेवले. काता हे व्याकरण आणि झुंज हा निबंध अशी उपमा ते देत असे सांगतात. नुसते व्याकरण शिकून कोणी लेखक होत नाही, हे मला कबूल आहे. व्याकरण वगळून निबंध लिहिणारे आपल्या वर्गात किती आहेत हे मराठीच्या सरांना विचारावे.

स्पर्धेने काताचे भले झाले का, याविषयी मला शंका आहे. टोकियो ऑलिंपिक २०२१ साली झाले, त्यात कराटेचा काता प्रथमच होता. ओकिनावाच्याच र्‍यो कियुना यांनी पुरुषांत आणि स्पेनच्या सांद्रा सांचेझ यांनी स्त्रियांत सुवर्णपदक मिळवले. दोघांची ताकद पाहून थक्क व्हायला होते. पण तेथे शेकडा ७० गुण तंत्राला आणि ३० शरीरसामर्थ्याला होते, आणि गुण मिळवायचे म्हटले की पाय आपटणे आणि डोळे वटारणे वाढतेच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कराटे नव्हते. मला त्याचे फारसे दुःख झाले नाही.

खरी काळजी आहे ती घरची. रंगीत पट्ट्यांचा बाजार आपल्या गावातही भरला आहे. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी, फी भरली की रंग बदलला. मी जाते त्या वर्गात एका सातवीतल्या मुलाला काळा पट्टा मिळाला. त्याच्या बापाने पेढे वाटले आणि त्या मुलाला धड उभे राहता येत नव्हते. इकडे केंडोच्या आठव्या 'दान'च्या परीक्षेला बसायला वय किमान ४६ लागते, सातवा मिळून दहा वर्षे झालेली असावी लागतात, आणि तरीही शंभरांत एखादाच उत्तीर्ण होतो. सी. ए.च्या निकालावर गळा काढणाऱ्या माझ्या मित्रांना मी हा आकडा मुद्दाम ऐकवते.

आणि मुलींसाठी दहा दिवसांची स्वसंरक्षण शिबिरे. तेथे मोठ्याने ओरडायला, हात सोडवून पळायला शिकवतात. ते उपयोगाचे आहे, जरूर शिकवावे. पण शेवटच्या दिवशी त्या मुलीच्या हाती 'कराटे प्रशिक्षित' असा कागद देऊन तिला घरी पाठवणे हा गुन्हा मानावा इतके वाईट आहे. दहा दिवस तिच्यावर कोणी खरा वार केलेला नसतो. समोरची मैत्रीण हसत हसत मनगट धरते, आणि ही सोडवते. मनगट हसत न धरणारा माणूस तिला पहिल्यांदा रस्त्यावरच भेटणार. खरा वार सांभाळून करणारे माणूस तिला त्याआधी भेटायला हवे, आणि तसे माणूस तीन महिन्यांच्या वर्गात तयार होत नाही.

म्हणून जिमखाना समितीला माझी विनंती अशी : काता काढू नये, उलट कमी करून एकच ठेवावा. वर्षभर तो एकच काता, निम्मा वेळ एकट्याने आणि निम्मा जोडीने. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे वार करणाऱ्याच्या जागी उभे राहावे. मुलगे कुरकुरतील, कारण धाकट्यांकडून, त्यातही मुलींकडून, रोज संध्याकाळी हरायचे आहे. जे आठ दिवसांत कंटाळून जातील त्यांना जाऊ द्यावे. प्रमाणपत्र द्यायचेच असेल तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी द्यावे, आणि ते देण्याआधी परीक्षकांनी त्या विद्यार्थ्याकडे पाहू नये. त्याने ज्याला शिकवले त्या पहिल्या वर्षाच्या मुलाला पुढे बोलावून त्याचा काता पाहावा. फी आहे तेवढीच ठेवायला हरकत नाही.