वीस तारखेचा संगम

व्यापाऱ्याच्या घरात प्रेमाला स्वतंत्र वेळ नसते. गिऱ्हाइकांच्या रांगेत तेही आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे असते. सांगलीच्या पेठेत हळदीचे अडत दुकान चालवणाऱ्या एका शेठजींच्या लग्नाला गेल्या २० फेब्रुवारीस पंचवीस वर्षे पूर्ण झाली. लग्न ठरले तेव्हा ही तारीख अगदी निरुपद्रवी होती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि २० तारीख मासिक विवरणपत्राची शेवटची तारीख होऊन बसली. त्यातून फेब्रुवारी म्हणजे नव्या हळदीचे सौदे.

यंदा मात्र शेठजींनी निश्चय केला होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गोदामातील पोती भिजली, तेव्हा शेतकऱ्यांच्या पट्ट्या थकू नयेत म्हणून काकूंनी हातातील दोन पाटल्या काढून, रुमालात बांधून गल्ल्यावर ठेवल्या होत्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. शेठजीही बोलले नाहीत. पाटल्या बँकेत तारण गेल्या. दरवर्षी व्याज भरायचे, कर्ज नवे करून घ्यायचे आणि मुद्दल पुढे ढकलायचे, असे चालत राहिले. उशिरा भरलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते; उशिरा मानलेल्या आभारांवर किती लागते, याचा तक्ता अद्याप निघालेला नाही. त्या दिवशी सकाळी शेठजींनी बँकेत जाऊन खाते बंद केले आणि पाटल्या गुपचूप खिशात घालून आणल्या.

बेत असा होता : चार वाजता निघायचे, हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर बसायचे, राहून गेलेले बोलायचे आणि सूर्यास्तापूर्वी तेथेच दशम्या खायच्या. मेणबत्तीच्या उजेडात जेवण्याची कल्पना मुलीने सुचवली होती. परंतु सूर्य असताना मेणबत्ती लावणे हा अपव्यय आणि सूर्य गेल्यावर जेवणच नाही, त्यामुळे ती एकमताने नामंजूर झाली.

चार वाजता मालाचा ट्रक आला. पाच वाजता आईंच्या गोळ्या सापडेनात. त्या त्यांच्याच उशाखाली निघाल्या. घाटावर पोहोचेपर्यंत सहा वाजून गेले होते.

शेठजींनी खिशात हात घातला. "अगं, ऐक. पुराच्या वेळी तू..." इतक्यात काकूंचा फोन वाजला. दुकान काकूंच्या नावावर, त्यामुळे विवरणपत्राचा ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो, आणि करसल्लागार घाईत होते. काकूंनी सहा आकडे सांगितले. शेठजींनी पुन्हा 'पुराच्या वेळी'पासून सुरुवात केली. तेवढ्यात संकेतस्थळ अडकले व दुसरा ओटीपी आला. तिसऱ्या वेळी हमालाचा फोन : गोदामाची किल्ली कुठे? किल्ली शेठजींच्याच खिशात, पाटल्यांच्या पिशवीखाली होती.

अखेर शेठजींनी न बोलताच पाटल्या पुढे केल्या. काकू मुळीच चकित झाल्या नाहीत.

"सकाळीच मेसेज आला, कर्जखातं बंद झाल्याचा. बँकेत नंबर माझाच दिलाय तुम्ही. दिवसभर वाट बघतेय, कधी सांगताय म्हणून."

"मग विचारायचं नाहीस का?"

"तुम्ही सांगणार होता ना?"

तेव्हा शेठजी बोलले. फार थोडे बोलले : ओले गोदाम, तो रुमाल, आणि 'त्या दिवशी तू नसतीस तर' एवढे अर्धे वाक्य. उरलेले अर्धे काकूंनी मागितले नाही. त्यांनी हात पुढे केला. परंतु एवढ्या वर्षांत हात थोडा भरला होता. पाटली अंगठ्याच्या सांध्याशी अडली. घाटावर साबण कोठला? काकूंनी शांतपणे डबा उघडला आणि दशम्यांबरोबर आणलेले तूप हाताला चोळले. दुसरी पाटली चढेपर्यंत सूर्य मावळला होता. दोघेही उपाशीच घरी परतले.

रात्री आईंनी डबा उघडून पाहिला. "दशम्या सगळ्या तशाच. मग तूप कुठं गेलं?"

काकूंनी पदर मनगटांवर ओढून घेतला. शेठजी किल्ली द्यायला घाईघाईने दुकानाकडे निघाले.