हेलास पुसून काय मिळाले?

मेलबर्नमधल्या अल्बर्ट पार्क तळ्याकाठी लेकसाइड स्टेडियम आहे. तिथे खेळणारा साउथ मेलबर्न हा फुटबॉल क्लब गेली वीसेक वर्षे अर्धव्यावसायिक पातळीवर खेळत आला आहे. या पातळीवर खेळाडूला मानधन मिळते, पण तेवढ्यावर घर चालत नाही. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून सरावाला यावे लागते. हाच क्लब जानेवारी २००० मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध उतरला होता. फिफाची ती पहिलीच क्लब विश्वस्पर्धा होती आणि साउथ मेलबर्न ओशनियाचा विजेता म्हणून तिथे गेला होता. तिन्ही सामने तो हरला, पण चार राष्ट्रीय विजेतेपदे त्याच्या नावावर होती. पुढच्या पाच वर्षांत देशाच्या सर्वोच्च स्पर्धेचे दार त्याला बंद झाले, आणि तेही मैदानावर हरल्यामुळे नव्हे. स्थलांतरितांनी उभ्या केलेल्या क्लबांच्या खांद्यावर खेळाचे भविष्य ठेवता येणार नाही, अशी ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या कारभाऱ्यांची धारणा होत गेली होती. माझ्या मते ती धारणाच चुकीची होती.

दुसरे महायुद्ध आणि पाठोपाठ आलेले यादवी युद्ध यांत ग्रीस पार मोडून पडला. १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी स्थलांतराचा करार झाला आणि जहाजांमागून जहाजे ग्रीक माणसांना घेऊन मेलबर्नच्या धक्क्याला लागू लागली. कारखान्यातली पाळी, भाड्याची खोली आणि तोडकेमोडके इंग्रजी यांतून त्यांचे नवे आयुष्य सुरू होई. त्या शहरात मान होता तो क्रिकेटला आणि ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलला. सॉकर परक्यांचा समजला जाई आणि परक्यांना दिल्या जाणाऱ्या शिव्याच त्या खेळाच्याही वाट्याला येत. अशा काळात, १९५९ मध्ये, तीन क्लब एकत्र येऊन साउथ मेलबर्न हेलास जन्माला आला. त्यांतले दोन ग्रीकांचे होते, तिसरा साउथ मेलबर्न युनायटेड हा स्थानिक. हेलास म्हणजे ग्रीकांच्या भाषेत ग्रीस. नावाचा पहिला भाग राहत्या उपनगराचा आणि दुसरा सोडून आलेल्या देशाचा. आपण कुठले, या प्रश्नाचे त्या माणसांनी दिलेले हे उत्तर मला फार प्रामाणिक वाटते.

अशा क्लबमुळे माणसे आपल्याच कोंडाळ्यात अडकून पडतात, हा त्यांच्यावरचा जुना आरोप. हेलासचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. १९९०च्या दशकात या संघाचा कणा असलेला पॉल ट्रिंबोली इटालियन वंशाचा होता, गोलकीपर मायकेल पेटकोविच क्रोएशियन वंशाचा, आघाडीवीर व्हॉन कोव्हेनी न्यूझीलंडचा. १९८९ ते १९९२ या काळात प्रशिक्षक होता फेरेन्क पुश्काश, हंगेरीतून परागंदा झालेला महान खेळाडू. अथेन्सच्या पानाथिनाइकोस संघाला त्याने १९७१ मध्ये युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते, त्यामुळे त्याला ग्रीक येत होते, इंग्रजी जेमतेम. त्याचे ग्रीक बोलणे संघाला इंग्रजीत समजावून सांगायचा, त्याला गाडीतून ने-आण करायचा तो संघाचा कर्णधार अँज पोस्टेकोग्लू. पाच वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर अथेन्सहून आलेला हा मुलगा याच क्लबात वाढला. पुढे याच क्लबाचा प्रशिक्षक होऊन त्याने लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाला आशियाई चषक जिंकून दिला आणि २०२५ मध्ये टॉटनहॅमला युरोपा लीग. पुश्काशकडून घेतलेले आक्रमक खेळाचे वेड त्याने कधी सोडले नाही. एका हंगेरियनाने ग्रीक भाषेतून ऑस्ट्रेलियाचा भावी राष्ट्रीय प्रशिक्षक घडवला. अशी शाळा कुठल्याही सरकारी योजनेला काढता आली नसती.

तरीही १९९०च्या दशकात क्लबांना नावे आणि चिन्हे बदलायला लावली गेली. हेलास हा शब्द गेला, काही काळ लेकर्स हे उपरे नाव आले. २००४ मध्ये जुनी राष्ट्रीय लीग बंद पडली, २००५ पासून ए-लीग आली; तिच्यात प्रामुख्याने नवे, कोऱ्या पाटीचे फ्रँचायझी संघ घेतले गेले. आर्थिक डबघाईला आलेला साउथ मेलबर्न व्हिक्टोरिया राज्याच्या लीगमध्ये जाऊन पडला. २०१४ मध्ये तर क्लबांच्या नावाचिन्हांतून वांशिक ओळख दाखवण्यावर नियमानेच बंदी आली. ती २०१९ मध्ये उठवावी लागली. या सगळ्याच्या मधोमध २००६चा विश्वचषक आहे. ऑस्ट्रेलियाच्या ज्या पिढीने तिथे बाद फेरी गाठली, तिचा कर्णधार मार्क विदुका क्रोएशियनांच्या मेलबर्न नाइट्समधून आला होता, गोलकीपर मार्क श्वार्झर इटालियनांच्या मार्कोनीतून, तर पात्रतेचा निर्णायक पेनल्टी मारणारा जॉन अलोइसी इटालियनांनीच स्थापलेल्या अ‍ॅडलेड सिटीतून. देशाने ज्या झाडाची फळे जल्लोषात खाल्ली, त्याच्याच बुंध्याचे पाणी तो तोडत होता.

या क्लबांच्या बाजूने बोलताना दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. जुन्या लीगच्या शेवटच्या वर्षांत प्रेक्षक रोडावले होते आणि व्यवहार ढिसाळ होता; ए-लीगने सुरुवातीला स्टेडियम भरवली, हे खरे आहे. दुसरी गोष्ट अधिक टोचणारी. बाल्कनमधली वैरे गॅलरीत उतरत, ग्रीक आणि मॅसेडोनियन समर्थकांत तेढ असे. अगदी २०२२ मध्येही, क्रोएशियन मुळे असलेल्या सिडनी युनायटेडच्या काही समर्थकांनी ऑस्ट्रेलिया चषकाच्या अंतिम सामन्यात नाझी सलामी दिली. मराठी वाचकाला इथे मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा आठवेल. हिंदू, मुस्लिम, पारशी असे संघ पाडणाऱ्या त्या स्पर्धेला गांधीजींनी १९४० मध्ये विरोध केला आणि १९४६ नंतर ती थांबली, ते योग्यच झाले. पण फरक मुळातच आहे. पंचरंगीत खेळाडूचा धर्म पाहून संघ ठरे; हेलासमध्ये इटालियन, क्रोएशियन आणि न्यूझीलंडर एकाच गणवेशात खेळत. सलामी देणाऱ्याला मैदानाबाहेर काढावे, क्लबाला जबर शिक्षा करावी. त्यासाठी साठ वर्षे मुलांना खेळवणाऱ्या संस्थेचे नाव पुसावे लागत नाही. राहिला पैशाचा मुद्दा. २०१८ मध्ये ए-लीगच्या विस्तारात साउथ मेलबर्नचा अर्ज नाकारला गेला आणि मेलबर्नमधली जागा वेस्टर्न युनायटेड या नव्याकोऱ्या संघाला मिळाली. तोच संघ आर्थिक अडचणींमुळे २०२५-२६ च्या हंगामात उतरू शकला नाही. माणसे नसलेल्या क्लबाला कागदावरचा आराखडा किती दिवस तारणार?

जुन्या क्लबांची अशी कोंडी गोव्यालाही ठाऊक आहे. वर जाण्याची वाट बंद होते आहे हे दिसल्यावर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब २०१६ मध्ये आय-लीग या भारताच्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले; वर फ्रँचायझींची इंडियन सुपर लीग येणार होती. ऑस्ट्रेलियात निदान दुरुस्ती सुरू झाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन चॅम्पियनशिप ही दुसऱ्या स्तराची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. साउथ मेलबर्न, मार्कोनी, सिडनी ऑलिंपिक, प्रेस्टन हे जुने क्लब तिच्या संस्थापकांत आहेत. मात्र ती जिंकून ए-लीगमध्ये बढती मिळत नाही. बढतीबरोबर येणारी घसरण गुंतवणूकदारांना घाबरवेल, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. मग घसरण काही वर्षे थांबवा, पण विजेत्याला ठरलेल्या आर्थिक अटी पूर्ण केल्यावर वर येऊ द्या. साउथ मेलबर्नने कधी खास सवलत मागावी असे मी म्हणत नाही. सामने जिंकून वर जाता यावे एवढेच.