जुनापाणीचे दगड कोणाचे?

इंदूरच्या देवळांत कीर्तन आटोपल्यावर सभामंडपात मंडळी घटकाभर रेंगाळतात. आमच्यापैकी पुष्कळांची सोयरीक नागपुरात, त्यामुळे नागपूरजवळच्या जुनापाणीचा विषय निघाला, की कोणी तरी ठरलेले वाक्य बोलतोच : "पुरणे ही आपली रीत नव्हे, ते दगड दुसऱ्या कोणाचे." हे वाक्य आम्हांस मुळीच मान्य नाही.

जुनापाणीस मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत आणि त्यांतील काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद केली. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. ही लोहयुगातील दफनस्थाने होत. शेजारच्या माहुरझरीस तर तांब्याच्या अलंकारांनी सजविलेले घोडेही मृतांबरोबर पुरलेले आढळले.

आता रीतीविषयी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अठराव्या सूक्तात मृतास भूमीच्या स्वाधीन करण्याचे मंत्र आहेत. संन्याशास आपण आजही भूसमाधी देतो, तान्ह्या बालकास अग्नी देत नाही. ज्यांचे दहन झाले त्या होळकरांसाठीही कृष्णपुऱ्यास दगडी छत्र्या उभ्या राहिल्याच ना? मग परके कोण?

उलट दिशेचा अतिरेकही आम्हांस नको. खळगा दिसला की शेंदूर फासायचा, ही भक्ती नव्हे. एके काळी होळकरांच्याच राज्यात असलेल्या भानपुऱ्याजवळ, इंद्रगड टेकडीवरील दरकी-चट्टान गुहेच्या भिंतींवर असे शेकडो खळगे आहेत. २००२ पासूनच्या उत्खननाने त्यांचा काळ पुराश्मयुगापर्यंत मागे नेला. पण ते काही दफनस्थान नव्हे. प्रत्येक खळग्यास एकच अर्थ चिकटविणे व्यर्थ होय.

फ्रान्समधील ला फेरासी येथे निअँडरथल मानवाच्या एका बालकाच्या खड्ड्यावर शिळा ठेवलेली सापडली. तिच्यावरही खळगे होते, आणि ती बाजू खाली, मुलाकडे केलेली होती. कोरणाऱ्याने एवढे श्रम घेतले आणि ते काम जिवंतांच्या दृष्टीआड केले! ज्याचे मूल गेले आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

विदर्भातील अशी कित्येक वर्तुळे शेतीसाठी आणि खडीसाठी फुटली. "दुसऱ्यांचे" म्हटले, की घण घालणाऱ्याचा हात हलका होतो. म्हणून आमच्या देवस्थानांच्या विश्वस्तांना आमची विनंती आहे : जीर्णोद्धाराच्या जोत्यासाठी दगडाची गाडी दारात येईल, तेव्हा तो दगड कोणत्या माळावरून उचलला, हे गाडीवाल्यास आधी विचारावे आणि मगच दगड उतरवून घ्यावा.