मैदानावरची प्राध्यापकी

वढू बुद्रुक येथे आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे घर आहे. कोरेगाव भीमापासून आत वळले म्हणजे थोड्याच वेळात गाव लागते. संभाजी महाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन आम्ही त्यांच्याकडे अगदी पानावर बसण्याच्या वेळेस पोहोचलो. परंतु त्या दिवशी घरातील मंडळींचे चित्त जेवणात नव्हते. तीन पिढ्या एका छपराखाली नांदणारे हे कुटुंब. धाकटी नात पुण्यास महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात आहे; ती सुटीस आली होती, आणि पुढे काय करणार या प्रश्नास तिने सरळ उत्तर दिले होते, "मला सॉफ्टबॉलची प्रशिक्षक व्हायचंय." काकांनी बँकेच्या परीक्षेची पुस्तके आणून ठेवली होती. ती कोनाड्यात तशीच पडून होती.

"अगं, चेंडूफळी खेळून कुणाचा संसार झालाय?" आजींनी वाढता वाढता विचारले. आजोबा आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही दर महिन्याला चार घरांना उपदेश करता. आता आमच्याही घरात करा."

आम्ही त्या दिवशी ताकाचे कौतुक करून वेळ मारून नेली. उत्तर आज देत आहोत, कारण हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या माजघरात आज ना उद्या येणारच आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. जेवणानंतर त्या मुलीने चार वाट्या जमिनीवर चौकोनात मांडून आम्हांस तो समजावून दिला. अमेरिकेत शिकागो येथे 1887 साली एका क्लबाच्या बंद दालनात हा खेळ गमतीने जन्मास आला. चेंडू बारा इंच घेराचा, टाकावयाचा तो खांद्याखालून हात फिरवून. स्त्रियांच्या सामन्यात चेंडू टाकणारी 43 फुटांवर उभी असते आणि एका टप्प्यापासून दुसरा टप्पा 60 फुटांवर. डाव सात. चांगल्या हाताचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी येतो. "मग त्यात विचार करायला वेळ कुठला?" असे काकांनी विचारले. "विचार आधी करून ठेवायचा असतो, काका," असे उत्तर मिळाले. आम्हांस ते आवडले.

आजींच्या प्रश्नास हसण्याचे कारण नाही. खेळ वाईट असे त्यांचे म्हणणे नव्हतेच. त्यावर घर चालते काय, एवढेच त्यांनी विचारले. आणि त्यांच्या पिढीने पाहिलेले सर्वांत मोठे उदाहरण त्यांच्याच बाजूचे आहे.

प्रा. दिनकर बळवंत देवधर यांचे नाव पुण्यातील कोणत्या सुशिक्षित घरास ठाऊक नाही? 14 जानेवारी 1892 रोजी जन्मलेला हा गृहस्थ सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत असे आणि उरलेल्या वेळात महाराष्ट्राच्या क्रिकेटला उभे करीत असे. 1926 साली इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईस त्यांनी 148 धावा काढल्या. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असे लागोपाठ दोन वेळा रणजी करंडक जिंकला. मुंबईसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध 246 धावा काढल्या तेव्हा त्यांचे वय 48 होते. आणि 1944-45 च्या हंगामात, पन्नाशी उलटून गेल्यावर, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके झळकावली. ज्या वयात आपल्याकडचे गृहस्थ आरामखुर्चीत बसून गुडघ्यांविषयी बोलू लागतात, त्या वयातील ही गोष्ट आहे! विजय हजारे यांच्यासारखे तरुण त्यांच्या संघात वाढले. ते कोणत्याही कागदोपत्री प्रशिक्षक नव्हते. तरी कर्णधार, शिक्षक आणि वडीलमाणूस ही तिन्ही कामे त्यांनी केली. 1993 साली वयाच्या 102 व्या वर्षी ते निवर्तले.

मात्र एक बाब आपण सहसा लक्षात घेत नाही. देवधरांना महिन्याच्या महिन्यास वेतन मिळे ते संस्कृताचे. क्रिकेटने त्यांना कीर्ती दिली, पुढे पद्मश्री आणि पद्मभूषण दिले. चूल पेटत ठेवली ती संस्कृताने. समाजाने त्यांचे खेळणे कौतुकाने पाहिले, यातही प्राध्यापक या पदवीचा वाटा थोडा नसावा. आजी म्हणतात ते एवढ्यापुरते खरे आहे.

परंतु याच घराची दुसरी बाजू पाहा. तारा, सुंदर आणि सुमन या देवधरांच्या तिन्ही कन्या 1940 च्या दशकात बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदापर्यंत गेल्या. ज्या काळात मुलीने रॅकेट हाती धरून चारचौघांसमोर धावणे हेच अनेक घरांस रुचत नव्हते, त्या काळात एका संस्कृतच्या प्राध्यापकाच्या घरातून तीन मुली मैदानात उतरल्या. पित्याने वाट मोकळी ठेवली नसती तर त्यांच्या खेळाचे काय झाले असते, हे निराळे सांगावयास नको.

आता जेथे हा सॉफ्टबॉल महाविद्यालयातील नोकरीचा विषय झाला आहे, तेथील एक चरित्र सांगतो. कॅरोल हचिन्स ही मिशिगन प्रांतातील मुलगी. मिशिगन स्टेट विद्यापीठात ती सॉफ्टबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही खेळे. विद्यापीठाच्या बास्केटबॉलपटू मुलांना एक वागणूक आणि मुलींना दुसरी, हे तिला सोसवेना. 1979 साली तिने सहकारी खेळाडूंसह विद्यापीठावर दावा लावला. शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई करणारा कायदा तेथे 1972 सालीच झाला होता. परंतु कायदा पुस्तकात असणे निराळे आणि पंक्तीत समान वाढले जाणे निराळे, हे आपल्याकडील स्त्रियांना सांगावयास नको. पुढे एक वर्ष लहानशा महाविद्यालयात काम करून ती मिशिगन विद्यापीठात साहाय्यक म्हणून आली आणि 1985 च्या हंगामापासून मुख्य प्रशिक्षक झाली. त्या एकाच जागी तिने 38 हंगाम काढले. राष्ट्रीय विजेतेपद मिळावयास 2005 साल उजाडले, म्हणजे तोवर वीस वर्षे झाली होती! 2022 साली ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या खाती 1,707 विजय होते. तोवर महाविद्यालयीन सॉफ्टबॉलमध्ये इतके कोणाचेच नव्हते. तिची जागा घेतली बॉनी थॉल हिने, जी आधी तिच्या हाताखाली खेळली आणि मग दीर्घकाळ तिची साहाय्यक होती. यास आपल्याकडे परंपरा म्हणतात.

वीस वर्षे थांबण्याची मुभा हचिन्स हिला मिळाली, कारण ती पूर्ण वेळेची, पगारी, मानाची नोकरी होती. तिला दुपारी दुसरे काही शिकवून संध्याकाळी मैदानावर यावे लागत नव्हते. देवधर आणि हचिन्स यांच्यात गुणांचा नव्हे, या व्यवस्थेचा फरक आहे.

तेथेही सारे गोड नाही. 1972 साली अमेरिकेतील महाविद्यालयांत मुलींच्या संघांपैकी शेकडा 90 हून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. कायद्याने मुलींच्या खेळास पैसा आला, पगार वाढले, आणि पुरुष उमेदवारांची दृष्टी तिकडे वळली. 2014 पर्यंत हे प्रमाण शेकडा 43 च्या आसपास उतरले. फुकट होते तोवर बायकांचे काम, दाम आला की पुरुषांचे! स्वयंपाकघर आणि हॉटेल यांच्याविषयी हाच अनुभव आमच्या भगिनी सांगतील.

आपल्याकडे एकट्या सॉफ्टबॉलसाठी पगारी जागा ठेवणारे महाविद्यालय त्या मुलीने गृहीत धरू नये. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत जे पद असते ते शारीरिक शिक्षण संचालकाचे, आणि त्यास खो-खोपासून बुद्धिबळापर्यंत सर्व पाहावे लागते. त्यासाठी आधी बी. पी. एड., मग एम. पी. एड., आणि वर नेट किंवा सेट परीक्षा. वाट लांबची आहे, परंतु अनोळखी नाही. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी 1924 साली स्थापिलेल्या महाराष्ट्रीय मंडळाने पुण्यात 1977 सालापासून शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालविले आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर 1914 पासूनचे. तेव्हा हे काही काल-परवाचे फॅड नव्हे.

आमचे मत असे की त्या मुलीने बी. पी. एड. चा अर्ज करावा. बँकेची परीक्षाही द्यावी, आणि ती आजींच्या समाधानासाठी नव्हे तर देवधरांचे संस्कृत डोळ्यांसमोर ठेवून द्यावी. सॉफ्टबॉल शिकवावयाचा तो प्रथम एखाद्या शाळेच्या मैदानावर, सकाळी लवकर, बहुधा अल्प मानधनावर. त्या काळात घराने तिच्याकडून पैशाची अपेक्षा ठेवू नये, आणि लग्नाची बोलणी निघतील तेव्हा 'खेळाचे खूळ सुटेल हो' असे आश्वासन तिच्या वतीने कोणी परस्पर देऊ नये. हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम काकांसाठी लिहीत आहोत.

मजकूर छापावयास जाण्यापूर्वी आम्ही तो आजोबांना दूरध्वनीवर वाचून दाखविला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, नातीचा सामना पुढच्या रविवारी पुण्यास आहे, तर म्हाताऱ्या माणसास बसावयास सावलीची जागा असते काय. आणि आजींनाही यायचे आहे.